बनाना बोटीवरची विधवा

आधुनिक जागतिक साहित्याच्या पेपरात पहिला नंबर आपलाच, हे मी पहिल्या तासापासून धरून चालले होते. वर्गातली बाकीची मुलं विशीतली, त्यांनी जग मोबाइलमध्ये पाहिलेलं. मी नागावात होमस्टे चालवते. जग माझ्याकडे स्वतः बॅगा घेऊन येतं आणि गरम पाणी कधी येणार म्हणून विचारतं. एवढी माणसं वाचल्यावर पुस्तकं काय, किरकोळ!

मी कल्पिता. वय पन्नाशीच्या अलीकडे, पण फार अलीकडे नाही. मुलगी लग्न होऊन गेली आणि मी अलिबागच्या कॉलेजात मराठीच्या एम.ए.ला नाव घातलं. महादेवनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, तेव्हा काही हरकत घेतली नाही. त्यांना वाटलं असावं, शिवणाच्या क्लाससारखं हेही महिन्याभरात सुटेल. सुटलं नाही. उलट मी आमटी ढवळताना परक्या देशातल्या माणसांची दुःखं त्यांना सांगायला लागले. ते ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, "बरं, पण त्या माणसाने पुढे जेवण केलं की नाही?"

जागतिक साहित्याचा पेपर केतन सर शिकवायचे. माझ्या धाकट्या दिराहून लहान, पण बोलायला लागले की परदेशातला बर्फ आपल्या बाकाखाली साचतोय असं वाटायचं. त्यांनी प्रोजेक्ट दिला तो असा. जोडी करायची, अभ्यासाला असलेल्या कादंबरीतला एक प्रसंग निवडायचा, तो स्वतः करून मोबाइलवर चित्रित करायचा आणि त्यातून काय कळलं ते वर्गात सांगायचं. "पात्र वाचू नका, जगा," असं सर म्हणाले. बाकीच्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मी मनावर घेतलं.

माझी जोडीदार गौरी. रेवदंड्याहून येणारी, जाड चष्म्याची, जरा दुःखी प्रसंग आला की डोळ्यांत पाणी आणणारी मुलगी. आम्ही निवडलेली कादंबरी उत्तरेकडच्या एका थंड देशातली. एका बाईचा नवरा जहाजासकट बुडतो. ती त्याचा जाडजूड कोट घालून रोज किनाऱ्यावर जाते, पण घरात किंवा गावात कोणाशी अक्षर बोलत नाही. मग एके दिवशी गुडघाभर पाण्यात उभी राहून समुद्राशी कडाकडा भांडते, मनातलं सगळं ओकून टाकते आणि घरी येऊन पोटभर जेवते. बस, एवढंच. पण मी तो प्रसंग तीनदा वाचला होता. शिवाय समुद्र आमच्या वाडीच्या मागेच होता, ही सोय वेगळी. बर्फाचा प्रसंग घेणाऱ्या जोडीने म्हणे मोबाइल फ्रीझरमध्ये ठेवून चित्रण केलं होतं.

आता पात्र जगायचं म्हणजे आधी गप्प बसणं आलं. शुक्रवारपासून मी बोलणं बंद केलं. पाहुण्यांना हसून खुणा, ह्यांना नुसती मान. नेमका गुरुवारी रात्री जेवताना ह्यांनी विषय काढला होता की हे सत्र संपलं की पुरे, पुढची अ‍ॅडमिशन घेऊ नकोस, मे महिन्यात पाहुण्यांचं एकट्याने जमत नाही. मी तेव्हा "बघू" म्हटलं होतं. मला वाईट वाटलं होतं, नाही असं नाही, पण डोक्यात कादंबरी होती. त्यामुळे गुरुवारच्या बोलण्याचा आणि शुक्रवारच्या मौनाचा कोणी संबंध लावेल, हे माझ्या गावीही नव्हतं.

ह्यांनी लावला. शनिवारी सकाळी चहा आयता माझ्यापुढे आला. दुपारी नारळ खवून ठेवलेले दिसले. संध्याकाळी त्यांनी विचारलं, बोंबील आणू का. मी समुद्राच्या दिशेने बघत उसासा टाकला. हा उसासा कादंबरीतला होता. ते बिचारे दोन पिशव्या बोंबील घेऊन आले.

रविवारी उन्हं कलताना मी ह्यांचा पावसाळ्यातला काळा रेनकोट चढवला, थेट पायघोळ, आणि मागच्या फाटकाने निघाले. एप्रिलची हवा. आतल्या आत मी उकडीच्या मोदकासारखी वाफलत होते. गौरी किनाऱ्यावर आलेलीच होती. सरांनी सांगितलं होतं की या कादंबरीत माणूस लहान आणि समुद्र मोठा दिसतो. ते गौरीने इतकं प्रामाणिकपणे पाळलं की ती पार सुरूच्या झाडांपाशी जाऊन उभी राहिली. तिथून मी लहान दिसत असणार यात शंका नाही. फक्त किनाऱ्यावरच्या कोणालाही माझा आणि मोबाइलचा काही संबंध आहे असं दिसत नव्हतं.

रविवार असल्याने माणसांची जत्रा. त्या गर्दीतून एक काळा रेनकोट कोणाकडे न बघता सरळ पाण्यात शिरला. गुडघाभर पाण्यात उभं राहून मी हात पसरले आणि सुरुवात केली. "घेतलंस ना माझं सगळं? आता मला कोणाची भीती नाही. बोल, अजून काय हवं तुला?" आवाज चांगला लागला होता. अंगावर काटा आला, माझ्याच.

किनाऱ्यावर शहाळी विकणाऱ्या नीराबाई मला लग्न होऊन आल्यापासून ओळखतात. त्यांनी कोयता टाकला आणि हाक मारली. मी पात्रात होते, वळले नाही. त्या ओरडत पाण्याकडे धावल्या. मागोमाग भेळवाला, त्याच्या मागे भेळ खाणारे. तेवढ्यात एक लाट आली, रेनकोटमध्ये पाणी भरलं आणि मी बसकण मारली. मला उठता येईना. ओला रेनकोट म्हणजे काय वजन असतं, ते त्या कादंबरीत लिहिलं नव्हतं.

आमच्या शेजारचा प्रज्योत वॉटर स्पोर्ट्स चालवतो. तो स्पीडबोटीमागे बनाना बोट, म्हणजे ते फुगवलेलं रबरी केळं, ओढत परत येत होता, मागे पुण्याचं एक अख्खं कुटुंब बसलेलं. त्याने बोट माझ्याकडे वळवली आणि उडी मारली.

"काकी, हात द्या. घाबरू नका, काय न्हाय होत."

"अरे, सोड मला," मी म्हणाले. हे वाक्य मी माझं म्हणून बोलले होते, पण ऐकणाऱ्यांना ते फार भलतं वाटलं. पुण्याच्या आजोबांनी मला मागून कव घातली, प्रज्योतने पाय धरले आणि मी त्या पिवळ्याधमक केळ्यावर पालथी पडले. कोणीतरी माझ्या रेनकोटवरून लाइफ जॅकेट बांधलं. अशी माझी मिरवणूक काठाला लागली.

वाळूत बसवल्यावर मी खुलासा करायला गेले. धाप लागलेली, नाकात पाणी. जे तोंडाला आलं ते बोलले. "मी कल्पिता नव्हते. मी विधवा होते. माझा नवरा बुडालाय."

नीराबाईंनी कपाळावर हात मारला. "पोरी, नवरा जिता हाय तुझा. घरी भजी तळतोय."

आणि खरंच, ते धावत येताना दिसले. गंजी, लेंगा, हातात तेल ठिबकणारा झारा. पाहुण्यांच्या चहाची वेळ होती ना. बातमी वाडीपर्यंत पोचली तेव्हा किती फुगली होती कोण जाणे, कारण त्यांचा चेहरा पांढराफटक होता. गर्दीने वाट दिली. ते माझ्यासमोर वाळूत गुडघ्यांवर बसले. झारा तसाच हातात.

"घे अ‍ॅडमिशन," ते म्हणाले. "पुढची घे, त्याच्या पुढची घे. पाहुण्यांचा नाष्टा मी करीन." मग एकदम आवाज खाली आला. "मी नको म्हटलं ते पाहुण्यांसाठी नव्हतं गं. पोरगी गेली, तू कॉलेजला जातेस, दिवसभर घर खायला उठतं. ते बोलायची लाज वाटली, म्हणून मी सीझनचं नाव पुढे केलं."

इतक्या वर्षांच्या संसारात हे गृहस्थ एवढी वाक्यं सलग पहिल्यांदाच बोलत होते. पुण्याच्या आजी डोळे पुसत होत्या. मला एक क्षण मोह झाला की गप्प बसावं आणि सगळं पदरात पाडून घ्यावं. पण ते भजी कढईत तशीच टाकून धावत आले होते.

"अहो, मी रागावलेच नव्हते," मी म्हणाले. "हा कॉलेजचा प्रोजेक्ट आहे. ती गौरी बघा, गर्दीच्या मागे."

सगळ्यांनी वळून पाहिलं. चित्रण करत जवळ आलेल्या गौरीने एका हाताने मोबाइल धरला होता आणि दुसऱ्या हाताने ती डोळे पुसत होती.

त्यांनी झारा वाळूत खोचला. मग त्यांनी विचारलं, मी खरंच रागावले नव्हते का. मी नाही म्हटलं. "तुम्ही आत्ता बोललात ते मागे घ्या हवं तर, माझी काही तक्रार नाही."

त्यांनी गर्दीकडे एकवार पाहिलं. "एवढ्या लोकांनी ऐकलंय. आता कसलं मागे घेतोय." आणि मला हात देऊन उठवलं.

त्या संध्याकाळी आमच्या अंगणात नीराबाई, प्रज्योत, भेळवाला, पुण्याचं कुटुंब असे सगळे जेवायला होते. बोंबील होतेच दोन पिशव्या. मी एकेकाला वाढत होते आणि मनात सारखी ती परदेशातली बाई येत होती. ती एवढी भांडली, पण तिच्यामागे पाण्यात एकही माणूस धावत आलं नव्हतं. तिचं खरं दुःख ते होतं, आणि मी तीनदा वाचूनही ते मला दिसलं नव्हतं. माझ्या मागे मात्र अर्धं नागाव चपला टाकून पाण्यात उतरलं होतं. मला कोणाचे आभार कसे मानावे कळेना, म्हणून मी सगळ्यांना आग्रहाने आणखी एकेक बोंबील वाढला.

वर्गात मी त्या बाईबद्दल हेच सांगितलं. केतन सर म्हणाले, या कादंबरीवर याहून चांगलं त्यांनी काही ऐकलं नाही. माझी मान ताठ झाली. मग गौरीने चित्रण लावलं. तिने काही म्हणजे काही कापलं नव्हतं. बनाना बोट, विधवा, झारा, सगळं. वर्ग श्वास रोखून बघत होता. शेवटी सरांनी चष्मा काढून पुसला.

"गंजीतल्या गृहस्थांनी फारच खरं काम केलंय," ते म्हणाले. "ताई, तुमचं मात्र जरा नाटकी वाटलं."

पुढच्या सत्राची अ‍ॅडमिशन मी घेतली. प्रोजेक्टच्या जोड्या ठरवायची वेळ आली तेव्हा बरेच हात माझ्या दिशेने वर झाले. मी फुशारून गेले. मुलं विचारत होती, काका मोकळे असतील का.