लांब नाक आणि थंड कॉफी

"ट्रक हा शब्द तोंडातून काढायचा नाही," नवऱ्याच्या पाठीवर कोमट ऑलिव्ह तेल चोळता चोळता हमदाने पुन्हा एकदा बजावलं. "इंजिन नाही, गिअर नाही, टायर नाही. आपण सून मागायला चाललोय."

"मी काय लहान आहे?" पालथा पडलेला अव्वाद उशीत तोंड खुपसून म्हणाला.

"लहान असतात तर बरं होतं. एक धपाटा घातला असता की काम झालं असतं."

अव्वादची पाठ बरीच वर्षं कुरकुरत होती आणि तो त्याचा दोष गादीवर टाकत आला होता. गादी दोनदा बदलून झाली. चपट्या तोंडाच्या जर्मन ट्रकमध्ये ड्रायव्हर थेट पुढच्या चाकाच्या डोक्यावर बसतो आणि अकबा बंदर ते मआन या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा आधी त्याच्या मणक्याची विचारपूस करतो, हे मआन गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण ते कबूल करणं म्हणजे धियाबचं म्हणणं कबूल करणं. त्यापेक्षा तिसरी गादी परवडली.

धियाब म्हणजे मुलीचा बाप आणि लांब नाकाच्या अमेरिकन ट्रकचा निस्सीम भक्त. दोघे एकाच बंदरातून माल उचलत, एकाच टपरीवर चहा पीत आणि मिसरूड फुटल्यापासून एकाच गोष्टीवर भांडत: इंजिन ड्रायव्हरच्या पुढे असावं की बुडाखाली. आता अव्वादच्या मुत्लकने आणि धियाबच्या विजदानने एकमेकांना पसंत केलं होतं. दोन्हीकडच्या आयांचं गूळपीठ जमलं होतं. उरलं होतं ते फक्त रीतीचं. चार वडीलधारे घेऊन मुलीच्या घरी जायचं. कॉफीचा फिंजान, म्हणजे चिमुकला पेला, पुढे आला की तो न पिता खाली ठेवायचा आणि मागणं मांडायचं. यजमान म्हणणार, "मागणं मान्य, कॉफी प्या." मग सगळ्यांनी प्यायची. एक फिंजान, एक मागणं. शब्द गेला की गेला.

बोलायचं काम शेख हुवैमिल यांच्याकडे होतं. या माणसाने रक्तारक्तीची भांडणं कॉफीच्या एका घोटावर मिटवली होती. अव्वादने नुसतं शेजारी बसून दाढी कुरवाळायची, एवढाच त्याच्या वाट्याचा खर्च होता.

पण धियाबच्या गल्लीच्या तोंडाशीच गाड्या अडल्या. घराबाहेर उभ्या केलेल्या अमेरिकन ट्रकचं नाक गल्लीत असं आडवं आलं होतं की पलीकडे जायला फक्त बकरीला वाट होती.

धियाब धावत आला. "माफ करा, माफ करा! हलवायला गेलो तर मागून भिंत लागली आणि पुढून शेजाऱ्याचं डाळिंबाचं झाड. आता ना पुढे, ना मागे."

अव्वादने ओठ घट्ट मिटले. त्याच्या चपट्या ट्रकने ही गल्ली एका दमात पार केली असती, हे वाक्य त्याच्या जिभेवर तयार उभं होतं. त्याने ते गिळलं.

मंडळी खाली उतरून चालत निघाली. भर दुपार, वारा सुटलेला, अंगावरचे झगे उडताहेत, आणि शेख हुवैमिल मिरवणुकीच्या अग्रभागी. धियाबच्या बैठकीत पोहोचेपर्यंत त्यांनी अर्ध्या गल्लीची धूळ पोटात घेतली होती. कॉफीचा फिंजान पुढे आला. शेखनी तो हातात घेतला, घसा खाकरला आणि त्या घशातून जुन्या बिजागरीसारखा एक आवाज निघाला. पुन्हा खाकरले. बिजागरी पुन्हा वाजली. शेवटी त्यांनी छातीवर हात ठेवला आणि फिंजान शेजारी अव्वादच्या हातात दिला. तूच बोल, बाबा.

अव्वादने दाढी कुरवाळणं थांबवलं. त्याने सुरुवातीचे शब्द मनाशी जुळवले.

"शेखना चालावं लागलं, वाईट वाटतं रे, अबू मुत्लक," धियाब मध्येच म्हणाला. अबू म्हणजे बाप; थोरल्या मुलाच्या नावाने अशी हाक मारली की ती प्रेमाची समजायची. "पण काय करणार? इंजिनाला नाक हवंच. ठोकर लागली तर आधी नाक जातं. तुमच्याकडे ड्रायव्हरचे गुडघे जातात."

बैठकीत खुसखुस झाली. अव्वादने हमदाचा चेहरा आठवला आणि म्हणाला, "अबू सक्र, आज आपण वेगळ्या कामाला..."

"बरोबर, बरोबर. तुझी पाठ कशी आहे?"

"पाठीला काय धाड भरलीय?"

"नाही, टपरीवर वाकडा बसतोस, म्हणून विचारलं."

"गादीमुळे!"

"गादीचंच म्हणतोय मी. इंजिनावर टाकलेल्या."

मआनच्या बैठकीत ड्रायव्हर नसलेला माणूस शोधावा लागतो. कोपऱ्यातून एक काका म्हणाले, "खरंय. इंजिन बघायचं तर यांना अख्खी केबिन पुढे कलंडवावी लागते. एकदा चालवला होता मी; चहाची किटली, साखर, नमाजाची चटई, सगळं काचेवर!"

"आणि तुमचा गिअर?" अव्वादच्या बाजूचा एक भाचा उसळला. "एक गिअर टाकायला दोनदा क्लच दाबायचा, वर दुआ मागायची!"

"आमच्या केबिनमध्ये माणूस उभा राहून पँट घालू शकतो!"

"नाकब घाटाच्या उताराला तुमचा ब्रेक असा बोंबलतो की मेंढ्या दूध द्यायच्या थांबतात!"

शेख हुवैमिल हातवारे करून गप्प करू बघत होते. पण ते टाळ्या देताहेत असं समजून दोन्ही बाजूंना आणखी चेव आला.

"गल्लीत वळत नाही ती गाडी कसली!" अव्वाद आता गुडघ्यावर उभा राहिला होता. "दारात पाहुणे अडले, शेखचा आवाज गेला, तरी नाक वरच!"

"तुझा तो पत्र्याचा डबा..."

"डबा?" अव्वादने फिंजान खाडकन जमिनीवर ठेवला. "अल्लाशपथ, चार माणसांत तू चपटा ट्रक चांगला म्हणेपर्यंत ही कॉफी मी पिणार नाही!"

 शेखनी डोळे मिटून घेतले. अव्वादला आपण काय केलं ते कळलं, पण शब्द आणि फिंजान दोन्ही खाली पडून चुकले होते.

धियाबच्या मिशा हळूहळू वर सरकल्या. "अबू मुत्लक, तू माझ्या दारात आलास. मागणं मान्य! चपटा ट्रक चांगला. कॉफी प्या, मंडळी."

मान्य झालेलं मागणं नाकारता येत नाही. सगळ्यांनी खाली मान घालून कॉफी प्यायली. धियाब उठून उभा राहिला. "तुमचं काम झालं. घराला शोभा आणलीत. सांभाळून जा, गल्लीत नाक आहे."

घरी मुत्लक मिठाईचं ताट घेऊन दारात उभा होता. "काय म्हणाले?"

"तो... हरला," अव्वाद म्हणाला.

"कोण हरला?" आतून हमदा आली. तिने सगळं ऐकून घेतलं, मुलाच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि ते नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं. "खा. तू जिंकलास ना? खा." लग्नानंतर तिने त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं होतं.

त्या दिवसापासून पाठीला तेल बंद झालं. मुत्लक समोरून जाताना सलाम करी तो परक्याला करावा तसा. अव्वाद शेख हुवैमिलकडे पुन्हा शब्द टाकायला गेला तर ते म्हणाले, "एका घरात त्याच कामासाठी दुसरा फिंजान? माझी दाढी म्हणजे पायपुसणं आहे का?" त्यांचा घसा आता ठणठणीत होता, हे अव्वादला जास्तच लागलं.

आणि मग शुक्रवारी अव्वादच्या दारात माणसांची गर्दी दिसली. पुढे शेख हुवैमिल, शेजारी धियाब. धियाबचाही चेहरा न जेवलेल्या माणसाचा होता. त्याच्याही घरात बायको आणि मुलगी होतीच. मंडळी बसली. कॉफी आली. धियाबने फिंजान उचलला, अव्वादकडे रोखून बघितलं आणि खाली ठेवला.

पडद्याआडून हमदाचा आवाज आला, "काहीही मागितलं तरी मान्य म्हणा! नाहीतर आत येऊ नका."

"मान्य!" अव्वाद घाईघाईने म्हणाला. "जे असेल ते मान्य. पी बाबा."

धियाबने घोट घेतला, मिशा पुसल्या. "माझी मुलगी माझ्या दारातून निघेल ती माझ्या लांब नाकाच्या ट्रकमधून. आणि भर बाजारातून तो चालवायचा तू."

अव्वादच्या अंगाचा तिळपापड झाला. मग त्याला वाक्याचा पहिला भाग उमगला. "म्हणजे... मुलगी दिलीस?"

"कॉफी पिऊन झाली रे माझी. आता ओकू का?"

लग्नाच्या दिवशी सगळा मआन रस्त्यावर होता. लांब नाकाच्या ट्रकमध्ये मधोमध विजदान, पलीकडे हमदा, आणि स्टिअरिंगवर अव्वाद, सुळावर चढवल्यासारखा. पहिला गिअर टाकताना असा खडखडाट झाला की फुटपाथवरच्या सगळ्या ड्रायव्हरांनी एकसुरात "अल्ला!" म्हटलं. मागे अव्वादच्या चपट्या ट्रकमध्ये धियाब आणि मुत्लक होते. धियाब अवघड कोपरे एका हाताने वळवत होता आणि तेही गुणगुणत.

बाजारातल्या खड्ड्यांचा रस्ता आला. सवयीने अव्वादने दात आवळले, पाठ ताठ केली. पहिला खड्डा नाकाखाली कुठेतरी गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला त्याने मुद्दाम थोडं चाक वळवून खड्डा गाठला. पाठीने हूं की चूं केलं नाही.

चौकातून डावीकडे घर होतं. अव्वादने पूर्ण वळसा घातला आणि पुन्हा बाजाराकडे निघाला.

"अहो, घर राहिलं की!" हमदा म्हणाली.

"नाक लांब आहे," अव्वाद कपाळाला आठ्या घालून म्हणाला. "पटकन वळत नाही गाडी मेली."

चौक दुसऱ्यांदा आला आणि गेला. हमदाने एकदा नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. ती पाठ सीटला आरामात टेकली होती. मग ती सुनेला म्हणाली, "टेकून बस, बाळ. आपल्याला अजून एक फेरी आहे."