समजाची जेवणाची सुट्टी

आमच्या जिल्ह्यातला हिप-हॉपबद्दलचा लोकांचा समज गेली बावीस वर्षं हणमंत लेंगरे यांच्याकडे आहे. पद कायम, वर्ग तीनचं. ते मंजूर झालं तेव्हा जिल्ह्यात हे गाणं म्हणणारा एकही माणूस नव्हता. पण समज आधी भरून ठेवावा लागतो, गाणारे सावकाश येतात.

मी त्याच कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. रजा, हजेरीपट आणि गणवेश माझ्या टेबलावर. लेंगऱ्यांचा गणवेश म्हणजे पाठीवर कवटी छापलेलं काळं जाड जॅकेट, उलटी टोपी, काळा चष्मा आणि सोन्याचं पाणी दिलेली चेन. चेनचं पाणी कधीच उडालंय. नवी मागवली, ती आली नाही. मी स्मरणपत्रं पाठवायचं सोडून दिलं.

काम तसं सोपं. जिल्ह्यात कुठंही रॅपचा कार्यक्रम असला की लेंगऱ्यांनी गणवेश घालून पहिल्या रांगेत बसायचं. लोक त्यांच्याकडे बघतात, मग स्टेजकडे बघतात, आणि आपण काय ऐकतोय ते त्यांना कळतं. बोलायचं काही नाही. मे महिन्यात जॅकेट गरम होतं आणि लेंगऱ्यांचे गुडघे दुखतात, एवढीच तक्रार.

असे समज आमच्याकडे पूर्वी पुष्कळ होते. कवींबद्दलचा समज निवृत्त झाला, जागा भरली नाही, त्यामुळे हल्ली लोक कवीला सरळ विमा एजंट समजतात. नाटकात काम करणाऱ्या बायकांबद्दलच्या समजाचं पद रद्द होऊन जमाना झाला. ते गृहस्थ अजून रोज येतात. त्यांना कोण सांगणार?

गेल्या महिन्यात लेंगरे माझ्यासमोर येऊन उभे राहिले. जॅकेट हातावर होतं.

"मॅडम, गुरुवारची एक दिवस रजा पायजे हुती."

"गुरुवारी जिल्हा स्पर्धा आहे. दिवसभर. तुमची ड्यूटी लावलीय मी."

"म्हणूनच तर मागतोय. मयूरी हाय त्यात."

मयूरी त्यांची मुलगी. प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासते आणि फावल्या वेळात रॅप लिहिते. लेंगऱ्यांनी तिला कधी ऐकलेलं नव्हतं. म्हणजे एकदा ऐकलं होतं, कॉलेजच्या गॅदरिंगला, पण तेव्हा ते ड्यूटीवर होते. ती स्टेजवर आली, लोकांनी पहिल्या रांगेतल्या लेंगऱ्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि हसायला सुरुवात केली. चौथ्या ओळीला ती थांबली आणि आत गेली. त्यानंतर तिनं घरात, वडिलांच्या देखत एक शब्द म्हटला नव्हता.

"तुम्हाला काय वाटलं होतं तेव्हा?" मी विचारलं.

"जॅकेट अंगात हुतं की मॅडम. मला वाटलं, कुणाची पोरगी ही, वाया गेलेली." ते खाली बघत म्हणाले. "ही शेवटची खेप म्हणती. न्हाई जमलं तर वह्या रद्दीत."

नियमाप्रमाणे हे पद एक दिवसही रिकामं ठेवता येत नाही. तीन वर्षांपूर्वी लेंगऱ्यांना कावीळ झाली तेव्हा दोन दिवस ते रिकामं होतं आणि विट्याच्या एका कार्यक्रमात लोक नुसते बसून राहिले. काय म्हणावं कुणाला सुचेना. त्यावर चौकशी लागली होती. त्यामुळे कार्यालयातल्या कुणीतरी कार्यभार घेतल्याशिवाय रजा नाही. मी सगळ्यांना विचारलं. एकाची पाठ दुखत होती, दुसऱ्याकडे लग्न होतं. शेवटी आमचे कार्यालयप्रमुख साळसकर साहेब म्हणाले, "शेटे मॅडम, तुम्हीच घ्या की." मला नाही म्हणायचाही कंटाळा आला होता. मी सही केली.

गुरुवारी सकाळी दहा वाजता मी साडीवर जॅकेट घालून नाट्यगृहात पहिल्या रांगेत बसले. लेंगरे पांढरा सदरा घालून मागे अकराव्या रांगेत होते. त्यांना कुणी ओळखलं नाही.

जॅकेटबद्दल मला काही कल्पना होती, पण एवढी नव्हती. चेन गळ्यात पडल्याबरोबर माझी खात्रीच पटली की समोर येणारे सगळे कामधंदा नसलेले आहेत. पहिला मुलगा दूध डेअरीत पहाटे चारपासून फॅट मोजतो. स्पर्धेच्या अर्जासोबतचा त्याचा नोकरीचा दाखला मीच फाईलला लावला होता. तरी मला वाटलं, रिकामटेकडा. त्याच्या गाण्यात एकही शिवी नव्हती, तरी मी त्या ऐकल्या. माझ्या मागच्या बायका माझ्याकडे बघत, मग त्याच्याकडे, आणि 'चक् चक्' करत. काम व्यवस्थित चाललं होतं.

मयूरीचा नंबर तिसावा. ती स्टेजवर आली तेव्हा मला ती उद्धट वाटली. लहानपणी ती दिवाळीत आमच्या कार्यालयात यायची, माझ्या टेबलाखाली बसून लाडू खायची. ते आठवत होतं, पण त्याचा काही उपयोग होत नव्हता. मागे हसण्याची तयारी सुरू झाल्याचं मला ऐकू आलं. तिनं माइक धरला, पहिल्या रांगेकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

तेवढ्यात दीड वाजला आणि मी उठले.

यात माझा चांगुलपणा काही नाही. जॅकेट अंगात असताना चांगुलपणा शक्यच नव्हता. पस्तीस वर्षं मी दीड वाजता उठते, म्हणून उठले. दीड ते दोन जेवणाची सुट्टी सगळ्या कर्मचाऱ्यांना असते. लेंगऱ्यांनी ती कधी घेतली नव्हती, कारण समजाला सुट्टी नसते असं त्यांना वाटायचं. तसं कुठंही लिहिलेलं नाही. गणवेशात जेवू नये असं मात्र लिहिलेलं आहे. म्हणून मी जॅकेट, चेन, टोपी, चष्मा सगळं उतरवून पिशवीत घातलं, पिशवी उचलली आणि बाहेर पायऱ्यांवर जाऊन डबा उघडला. शेपूची भाजी होती.

दार उघडं होतं. आतून मयूरीचा आवाज आला. आधी कापरा, मग नाही.

"दारामागच्या खिळ्यावर आधी दिवस टांगतो,
मग कुठं माझा बाप मला पाणी मागतो."

मी घास हातात धरून ऐकत राहिले. आत कुणी हसत नव्हतं. कुणी चक् चक् करत नव्हतं. त्यांना मागे-पुढे बघून काही कळत नव्हतं, म्हणून ते ऐकत होते. कुणीतरी बाई हळूच म्हणाली, "आमच्यातबी असंच हाय गं." गाणं संपल्यावर बराच वेळ टाळ्या पडल्या नाहीत, कारण वाजवायच्या की नाही ते ठरेना. मग एकानं वाजवल्या आणि नाट्यगृह भरून वाजल्या. माझे डोळे भरून आले. डबा तसाच बंद केला.

दोन वाजता मी जॅकेट घालून आत गेले. लोकांनी मला पाहिलं आणि सुटकेचा श्वास सोडला.

शुक्रवारी सकाळपर्यंत कार्यालयात सतरा तक्रारी आल्या. अर्धा तास समज जागेवर नव्हता, त्यामुळे गैरसोय झाली, असा सगळ्यांचा सूर. एकानं लिहिलं होतं, 'गाणे ऐकून मला माझे वडील आठवले. यास जबाबदार कोण?' साळसकर साहेबांनी सगळ्या वाचल्या, चष्मा पुसला आणि आदेश काढला: यापुढे दुपारी दीड ते दोन या वेळेत जिल्ह्यात कुणी रॅप म्हणू नये. आदेश मीच टंकलिखित केला.

लेंगरे कार्यभार परत घ्यायला आले तेव्हा मी त्यांना तो दाखवला. त्यांनी वाचून सही केली.

"चालतंय," ते म्हणाले. "एकदा तरी ऐकलं."

"कसं वाटलं?"

"मला बोलायला येत न्हाई मॅडम. एका ठिकाणी ती दम घ्यायला थांबली, तर सगळी माणसं थांबली. कुणी खोकलंसुदिक न्हाई." त्यांनी रुमाल काढला. तोंड पुसून झाल्यावरही ते उभेच राहिले. "पुढच्या फेरीत निवड झालीय तिची. वह्या न्हाई टाकत म्हणती."

"मग चांगलंच झालं की."

"पण पुढच्या फेरीला पहिल्या रांगेत मीच असणार. जॅकेट घातलं की मला यातलं काय पटणार न्हाई. वाया गेलीय असंच वाटणार." ते टेबलावर वाकले. "तुम्ही बाहेरनं ऐकलं न्हवं? तेव्हा अंगात जॅकेट न्हवतं तुमच्या."

"नव्हतं."

"मग मला लेखी द्या."

मला वेगळा नमुना सापडला नाही, म्हणून रहिवासी दाखल्याच्या नमुन्यावरच खाडाखोड करून लिहिलं: 'दाखला देण्यात येतो की कु. मयूरी हणमंत लेंगरे हिचे गाणे मी स्वतः ऐकले असून ते चांगले आहे.' जावक क्रमांक घातला, सही केली, गोल शिक्का मारला. शाई वाळेपर्यंत ते फुंकर घालत राहिले. मग दाखला हातात धरून त्यांनी जॅकेट चढवलं, चेन घातली, टोपी उलटी केली आणि कागद पुन्हा वाचला.

"ह्याच्यात काय अर्थ न्हाई," ते कोरडेपणानं म्हणाले.

"लेंगरे, शिक्का आहे त्यावर."

त्यांनी शिक्का निरखून पाहिला. कागदाची नीट चौपदरी घडी केली, आतल्या खिशात ठेवली, जॅकेटची झिप वर ओढून घेतली आणि चारच्या कार्यक्रमाला गेले.