रत्नमालाबाईंचा आवाज सोडविल्याची हकीकत

श्रीखडकेश्वराचे चरणीं मस्तक ठेवून लिहिण्यांत येतें ऐसें जे, शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरीं, वैशाख मासीं, छत्रपती संभाजीनगर शहरांत, तळहाताएवढ्या काळ्या डबीनें एका नामांकित घराण्यास कैसें जेर केलें आणि त्या घराण्यानें तिच्या पोटांतून आपली दौलत कैसी सोडविली, तें कमी-जास्त न करितां लिहावें, ऐसा संध्याबाईसाहेबांचा हुकूम जाहला. सबब लेखणी उचलिली.

संध्याबाईसाहेबांचे तीर्थरूप राजमान्य राजेश्री सोमनाथराव. यांनीं वाळूजचे एका कारखान्यांत एकतीस वर्षें बेअरिंगें तपासलीं. कानाशीं धरोन नुसतें फिरविलें, तरी कोणतें टिकेल आणि कोणतें दगा देईल हें सांगत, ऐसा लौकिक. आणि मातोश्री रत्नमालाबाई मंगलाष्टकें ऐशी म्हणत कीं, गंगापूर तालुक्यांत त्यांची तारीख मिळाल्याविना लग्नाची तिथी धरीत नसत. परंतु दोन वर्षांमागें गळ्याची शस्त्रक्रिया जाहली, जीव वांचला, आवाज गेला. उरली ती कुजबुज. मग संध्याबाईसाहेबांचें लग्न ठरलें आणि त्यांनीं फर्माविलें कीं, मंगलाष्टकें आईच्याच आवाजांत लागतील, नाहीं तर अंतरपाट धरूं नये. तो आवाज बारा वर्षांमागें एके लग्नांत भरला होता आणि त्या काळ्या डबीखेरीज, जिला हार्डडिस्क म्हणतात, दुसरीकडे कोठें नव्हता. लग्नास आठ दिवस उरले होते.

मग सोमनाथरावांनीं डबी संगणकास जोडली, तों आंतून टक् टक् ऐसा आवाज निघाला, आणि पडद्यावर उर्मट खलिता आला कीं, डिस्क फॉरमॅट करावयाची काय? सोमनाथराव चष्मा न लावितां होकारावर बोट ठेवणार, तों संध्याबाईसाहेबांनीं मनगट धरिलें.

"पप्पा, हात काढा! समदं पुसून जाईल!"

मग मसलत बसली. सोमनाथरावांनीं डबीस दोन चापट्या दिल्या आणि पुन्हा जोडली. फडक्यांत बांधोन फ्रीजमध्यें मेथीचे जुडीखालीं दोन तास कैदेंत ठेविली आणि पुन्हा जोडली. आणि प्रत्येक खेपेस टक् टक् वाढत गेलें.  रत्नमालाबाईंनीं मेथी बाहेर काढोन निवडावयास घेतली, इतकेंच.

त्याउपरी लष्कर स्कूटरवरून क्रांती चौकाकडे कूच करितें जाहलें. तेथें तनुजाबाई नामें निष्णात, मेल्या डिस्कांतून मजकूर काढण्यांत ज्यांचा हात धरणारें कोणी नाहीं, त्यांनीं डबी कानाशीं धरिली आणि विचारिलें, "काका, ही किती दिवसांपासून किरकिर करत होती?"

सोमनाथरावांनीं मान खालीं घातली. "दोन वर्षं झाली असतील. मला वाटलं, पंखाच हाय."

तेव्हां तनुजाबाईंनीं खुलासा केला कीं, आंत आरशासारखी चकती मिनिटास पाच हजार चारशें फेरे घेते आणि तिजवर वाचणारें मुंडकें हवेवर तरंगतें. केसाचे दहा हजार भाग केले तर एका भागाएवढें अंतर मध्यें. वर्षानुवर्षें फिरोन बेअरिंगांतलें वंगण आटतें, उन्हाळ्यांची धग लागते, चकती थरथरते, हिसका बसतो. आणि एके दिवशीं मुंडकें चकतीवर टेकतें व ओरखडे पाडितें. त्याउपरी जितक्या वेळां चालू करावें, तितकें नांगरल्यासारखें होतें. एकतीस वर्षें बेअरिंगें ऐकणारा पुरुष स्वतःचे टेबलावरचें बेअरिंग ऐकूं शकला नाहीं, हें शल्य सोमनाथरावांचे काळजांत रुतलें आणि ते बाकावर बसोन राहिले. तनुजाबाईंनीं दिलासा दिला कीं, याच जातीची, याच तुकडीची दुसरी डिस्क आणावी. तिचें मुंडकें हिला बसवूं.

ऐसी डिस्क त्रैलोक्यांत एकाचपाशीं होती. रत्नमालाबाईंचे बंधू कडुबा, मुक्काम गंगापूर, यांनीं तेच दिवशीं, तेच दुकानांतून जोडीनें घेतली होती. मग तिघें काळीपिवळी जीपमध्यें, पुढचे बांकावर पांच आणि मागें अकरा ऐशा गर्दींत, गंगापुरीं दाखल जाहले. परंतु कडुबांनीं डिस्क छातीशीं धरिली. तींत त्यांचे सर्जा नामें दिवंगत बैलाचीं एकोणीसशें छायाचित्रें होतीं.

"दाजी, जीव मागा, देतो. ह्याचं मुंडकं काढाया देणार नाय!"

सोमनाथरावांनीं शर्थ केली, संध्याबाईसाहेबांनीं डोळ्यांस पदर लाविला, कडुबा हटेनात. मग रत्नमालाबाई पुढें जाहल्या आणि कुजबुजल्या, "दादा, तुझ्या लग्नात मंगलाष्टकं कुणी म्हटली?"

कडुबांनीं डिस्क छातीवरून खालीं घेतली. मग म्हणाले, "आधी सर्जा बाहेर काढायचा. मग काय करायचं ते करा." आणि स्वतःच डिस्क धोतराचे सोग्यांत बांधोन जीपमध्यें चढले.

तनुजाबाईंनीं तह पाळिला. सर्जाचीं एकोणीसशें छायाचित्रें पेनड्राइव्हांत सुखरूप उतरविलीं, कडुबांनीं एकूण एक मोजोन घेतलीं, आणि मग धुळीचा कणही न शिरे ऐशा काचेचे कपाटांत मुंडकेपालट जाहला. तीन दिवस मजकूर थेंब थेंब उतरत होता आणि सोमनाथराव बाहेर बाकावर बसोन कान देत होते. चौथे दिवशीं सकाळीं काचेपलीकडून सूर आला. सोमनाथराव उठोन उभे राहिले आणि त्यांनीं पायांतल्या चपला काढिल्या. सात मंगलाष्टकें सबंध आलीं. आठवें मात्र शेवटास फाटलें होतें. तेथें ओरखडा खोल होता. तो फ्रीजचे स्वारीनें पाडिला कीं चापट्यांनीं, हें तनुजाबाईंनीं सांगितलें नाहीं आणि सोमनाथरावांनीं पुसलें नाहीं.

वैशाख वद्य षष्ठीस दुपारीं बारा वाजोन पस्तीस मिनिटांचे मुहूर्तावर अंतरपाट धरिला गेला आणि कर्ण्यांतून बारा वर्षांमागला आवाज उठला. तीन तालुक्यांचे पाहुणे गप्प जाहले. केळवणापासून रुसलेले व्याहीही गप्प जाहले. आठवें सुरू जाहलें, चढत चढत गेलें, आणि शेवटचे ओळीच्या तोंडावर आवाज कट्ट करोन तुटला.  अक्षता मुठींत. भटजींनीं तोंड उघडलें, तों रत्नमालाबाईंनीं त्यांच्या हातचा माइक घेतला, ओठांस लाविला आणि उरल्या कुजबुजीनें म्हणाल्या:

"शुभमंगल... सावधान."

अक्षतांचा जो मारा जाहला, त्यांत नवरदेवाचें बाशिंग वांकडें जाहलें आणि कडुबा कोणास न जुमानतां ओक्साबोक्शी रडले.

येणेंप्रमाणें मोहीम फत्ते जाहली, ती येथें नोंदविली. लग्नांत जें चित्रण जाहलें, त्याच्या तीन नकला करोन तीन घरीं ठेविल्या. पुढें एके जाणत्या पाहुण्यांनीं सुचविलें कीं, शेवटचा खरखरीत भाग काढोन तेथें दुसरी कोणी गाणारी बसवावी, म्हणजे ध्वनी स्वच्छ होईल. त्यावर सोमनाथरावांनीं सक्त ताकीद दिली कीं, त्या दोन शब्दांस जो हात लावील त्याचा या घरचा चहा बंद.