दहापैकी सात

प्रेझेंट परफेक्ट आणि पास्ट परफेक्ट यांतला फरक आपल्याइतका सोपा करून सांगणारा दुसरा माणूस नाही, असं सरांचं ठाम मत होतं. मोठ्या माणसांच्या इंग्रजीच्या वर्गात ते छातीठोकपणे सांगत, "झालेल्या कामाचा आत्ताशी संबंध आहे? हॅव! दोन जुन्या कामांतलं आधीचं आहे? हॅड! संपलं!"

घरी बायको चार महिने म्हणत होती, "अहो, लेकीकडे जाऊन येऊ. नात बसायला लागली."

"ही बॅच संपू दे गं!"

बॅच संपायची, दुसरी सुरू व्हायची.

शनिवारी दुपारी सरांनी वर्गात एक बिननावाची वही उंचावली. सकाळीच घरी टेबलाशी बसून त्यांनी गठ्ठा तपासला होता आणि निघेपर्यंत तिथेच ठेवला होता.

"दहापैकी सात! ऐका. 'मी बॅग भरली आहे.' हॅव! 'मी नवऱ्याला चारदा विचारलं आहे.' हॅव! 'पहिल्यांदा विचारलं, त्याआधी नात जन्मली होती.' हॅड! वा!"

"मग तीन मार्क कुठे गेले?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"अक्षर! पुढे ऐका. 'शनिवारी पाचची गाडी आहे. मी त्यांचंही तिकीट काढलं आहे.'"

"अगंबाई!" शिवणकाम करणाऱ्या मावशी हळहळल्या. "बिचारी नवऱ्याची वाट बघतेय हो!"

"नवऱ्याकडे नको, क्रियापदाकडे लक्ष द्या!" सर गरजले. "कुणाची वही?"

एकही हात वर होईना.

मावशी चाचरत म्हणाल्या, "सर, नात तर तुम्हालाच झालीय ना?"

सरांच्या हातातला खडू पडला. बायकोचं इंग्रजी अक्षर त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं! तोंडानं सांगितलेलं कानात शिरत नाही, म्हणून बिचारीनं वही गठ्ठ्यात सरकवली होती. घड्याळात पाचला आठ कमी! सर वहीसकट धावत सुटले.

फलाट रिकामा होता. धापा टाकत त्यांनी फोन लावला.

"अगं, मी पोचलो तेव्हा गाडी सुटली होती!"

"पास्ट परफेक्ट," पलीकडून बायको म्हणाली. "दहापैकी दहा." फोन बंद.

सर बाकावर बसले. वहीचं पान उलटलं. मागे लाल शाईत त्यांचाच शेरा होता, 'कल्पना छान! पुढे काय होतं तेही लिहा.'

खाली पेन्सिलीनं उत्तर होतं, 'ती एकटी जाते.'

सरांनी ते तीनदा वाचलं. चूक काही सापडेना. अक्षरही तसं चांगलंच होतं.