न वाचलेल्यांची समिती

चित्रातल्या दिव्याची ज्योत सरळ नव्हती. ती डावीकडे किंचित कललेली होती. उजव्या हाताचं दार अर्धवट उघडं होतं आणि बाहेर वारा असणार, हे तेवढ्या एका रेषेवरून कळत होतं. लेखिका बराच वेळ त्या ज्योतीकडे पाहत राहिली. तिची सगळी नोकरी शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात गेली होती. ज्योत बुडाशी निळसर असते हे मुलांच्या गळी उतरवताना तिचा घसा बसायचा. इथे ते कुणीतरी न सांगता रंगवलं होतं.

“शेवटून दुसऱ्या प्रकरणातला वारा आहे हा,” चित्रकार खुशीत म्हणाला. “तिची नजर गेलेली असते, तरी ज्योत हलली हे तिला गालावर कळतं, तो प्रसंग.”

मुखपृष्ठ समितीच्या अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“म्हणजे तुम्ही पुस्तक वाचलंत?”

“वाचलं ना. दोनदा.”

विक्रीप्रमुखांनी खुर्ची जराशी मागे सरकवली, शेजारच्याला गोवर निघाल्याचं कळल्यावर सरकवतात तशी.

प्रकाशनसंस्थेचा नियम साधा होता आणि त्यामागे विचार होता. दुकानात पुस्तक उचलणाऱ्या माणसाने ते वाचलेलं नसतं. तेव्हा मुखपृष्ठ निवडणाऱ्यानेही ते वाचलेलं असता कामा नये. वाचलं की नजर गढूळ होते. समितीवर यायचं तर ‘मी प्रस्तुत पुस्तक वाचलेले नाही व नजीकच्या काळात वाचण्याचा माझा इरादा नाही’ असं म्हणावं लागे. अध्यक्ष हे वाक्य इतकी वर्षं म्हणत आले होते, की त्यांच्या निष्ठेबद्दल शंका घ्यायला जागाच उरली नव्हती.

चित्रकाराचे आभार मानून त्याला निरोप देण्यात आला; चित्र तेवढं टेबलावरच राहिलं. लेखिका बोलायला गेली तर अध्यक्ष अत्यंत आदराने म्हणाले, “बाई, तुम्ही तर पुस्तक लिहिलंय. तुमच्याइतकं पूर्वग्रहदूषित इथे कुणीच नाही.”

कादंबरी रोममधल्या एका दिवे करणाऱ्या बाईची होती. गल्लीच्या टोकाला तिचं दुकान, साच्यातून काढलेले मातीचे दिवे, हळूहळू अधू होत जाणारी नजर आणि बोटांनी सगळं ओळखायची तिची जिद्द. लेखिकेने निवृत्तीनंतरची सगळी वर्षं त्या बाईबरोबर काढली होती. स्वयंपाक करताना ती तिच्याशी बोलायची. त्यामुळे वरणाला दोनदा मीठ पडतं, अशी यजमानांची तक्रार होती.

नवा चित्रकार आला. तो शुद्ध होता. त्याला पुस्तकाचं नावही सांगितलं नव्हतं.

“रोम म्हटलं की काय आठवतं?” विक्रीप्रमुखांनी त्याला विचारलं.

“सिंह,” तो म्हणाला आणि त्याने सिंह काढला. आखाड्याच्या मधोमध, जबडा उघडलेला, सुळे दाराच्या कडीकोयंड्याएवढे.

“माझ्या कादंबरीत सिंह नाही हो,” लेखिका म्हणाली.

“ही माहिती तुम्हाला पुस्तक वाचून मिळालेली आहे,” अध्यक्ष म्हणाले. “आम्हाला ती विचारात घेता येत नाही.”

तरी समितीत दोन तट पडलेच. एकाला दिवा आवडला, कारण त्याच्या दिवाणखान्यात तशाच रंगाचे पडदे होते. दुसऱ्याला सिंह आवडला, कारण तो सिंह होता. अध्यक्षांनी निर्णय पुढे ढकलला. पुढच्या बैठकीत तो आणखी पुढे ढकलला. मधल्या काळात वेळ फुकट जाऊ नये म्हणून ‘सुसंगती विभागा’ला कामाला लावण्यात आलं.

सुसंगती विभाग म्हणजे एक तरतरीत मुलगी आणि तिची फिरती खुर्ची. पूर्वी कुण्या वाचकाने मुखपृष्ठावरचा घोडा आत सापडत नाही म्हणून आरडाओरडा केला होता, तेव्हापासून हा विभाग होता.

“मॅडम, सिंह फायनल झाला असं नाही,” ती लेखिकेला म्हणाली, “पण झालाच तर आत असायला हवा ना? एखादा घालून ठेवा. वापरला नाही तर काढू.”

लेखिकेने घरी येऊन हे सांगितलं. यजमानांनी सगळं ऐकून घेतलं.

“अगं, घालून टाक की. तुला काय त्याला चारापाणी करायचंय?”

“अहो, ती दिवे विकते. तिच्या दुकानात सिंह कशाला येईल?”

“वात संपली असेल त्याची,” यजमान म्हणाले आणि पेपरामागे गेले.

शेवटी तिने एक वाक्य लिहिलं. दुकानासमोरून एक गाडा जातो. गाड्यावर पिंजरा, पिंजऱ्यात सिंह झोपलेला. वाक्य वाईट नव्हतं.

“झोपलेला?” सुसंगतीवाली हळहळली. “मॅडम, वर तो डरकाळी फोडतोय. ही फसवणूक झाली.”

लेखिकेने सिंहाला जागं केलं. जागा झालेला सिंह नुसता बघत बसला असता तर ते अशास्त्रीय ठरलं असतं, म्हणून तो ओरडला. ओरडल्यावर बैल बुजले, पिंजरा कलंडला, आणि कलंडलेल्या पिंजऱ्यातून सिंहाने बाहेर न येणं हे कुठल्याच तर्कात बसत नव्हतं. तो बाहेर आला, तेल विकत घ्यायला आलेल्या एका सज्जन गिऱ्हाइकाला त्याने खाल्लं, आणि हे सगळं बसवताना एका वाक्याची तीन प्रकरणं झाली. लेखिकेला स्वतःचीच भीती वाटू लागली, कारण तिसरं प्रकरण लिहिताना तिला मजा आली होती.

“झकास!” सुसंगतीवाली म्हणाली. “आता गती आली. फक्त ती दिवेवाली जरा मधेमधे येते.”

“मधेमधे?”

“हो ना. आणि ती मुखपृष्ठावर कुठेच नाहीये, मॅडम. सुसंगती दोन्ही बाजूंनी बघावी लागते. जे वर आहे ते आत हवं. जे वर नाही...” तिने हाताने हलकेच झटकल्यासारखं केलं. “आताच काढू नका. सिंह ठरला की काढा.”

त्या दिवशी वरणात मीठ पडलंच नाही.

आता सगळं एका गोष्टीवर आलं होतं. मुखपृष्ठावर दिवा आला, तर बाई वाचणार. सिंह आला, तर बाई जाणार. आणि हे ज्यांच्या हातात होतं त्यांना ती बाई कोण, हे माहीत असण्याचीच मनाई होती.

तशात समितीवर आपत्ती कोसळली. सिंहाच्या बाजूचे सदस्य प्रवासात वेळ जाईना म्हणून हस्तलिखित वाचताना सापडले. त्यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. शुद्धतेच्या बाजूने अतिरेक झालेला बरा, असं ठरवून अध्यक्षांनी नवी पद्धत आणली: रखडलेल्या पुस्तकांचे लेखकच एकमेकांच्या मुखपृष्ठाचा अखेरचा कौल देतील. लेखक दुसऱ्याचं पुस्तक वाचत नाहीत, हे संस्थेच्या अनुभवाने सिद्धच झालेलं होतं.

लेखिकेच्या वाट्याला एक दंतवैद्य आले. त्यांचीही कादंबरी रोमचीच होती आणि तितकीच रखडलेली. बैठकीआधी जिन्यात दोघांची गाठ पडली.

“तुमची कशावर आहे?” तिने हळू आवाजात विचारलं. हा प्रश्न नियमबाह्य होता.

“बंदरावर धान्य मोजणारा एक कारकून आहे. तोतरा.” दंतवैद्य दबकत म्हणाले. “तराजूपाशी उभा राहिला की तो अडखळत नाही, एवढीच गोष्ट आहे. मला मुखपृष्ठावर तराजू हवाय. ते म्हणतात, जळती जहाजं. माझ्याकडे एकच जहाज आहे हो, बाई, तेसुद्धा गळतं.”

“मग कारकुनाचं काय होणार?”

“पेटवायला सांगितलंय त्याला. बंदर.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. फार बोलावं लागलं नाही.

“तुम्ही दिवा म्हणा,” ती म्हणाली. “मी तराजू म्हणते.”

“नक्की?”

“अहो, शिक्षिका आहे मी.”

बैठक सुरू झाली. दिवा आणि सिंह शेजारी मांडले गेले. दंतवैद्य पुढे झाले. त्यांचे डोळे सिंहाच्या जबड्यावर गेले आणि तिथेच रेंगाळले. व्यवसायाचा भाग असेल. लेखिकेने खुर्चीचा हात घट्ट धरला.

“दिवा,” ते म्हणाले, आणि कपाळ पुसलं.

तिची बाई वाचली. सुसंगतीवालीने तितक्याच शांतपणे सिंहाची तीन प्रकरणं रद्द केली. खाल्लेलं गिऱ्हाईक जिवंत झालं. दंतवैद्य तिच्याकडे पाहून ओळखीचं हसले.

मग दुसरी दोन चित्रं आली. डावीकडे तराजू होता: पितळी, नीट काढलेला, एक पारडं केसभर खाली. उजवीकडे रात्रीचा समुद्र होता आणि त्यावर जहाजांची रांगच्या रांग पेटलेली.

“बाई, घाई नाही,” अध्यक्ष म्हणाले. “फक्त एवढंच सांगा. तुम्ही दुकानात उभ्या आहात. आत काय आहे ते तुम्हाला माहीत नाही. हात कुठे जातो?”

तिने तराजूकडे पाहिलं. चांगला होता. तिने शब्द जुळवला, ओठांपर्यंत आणला. आणि दुकानात उभं असताना तुमची-आमची नजर जिथे जाते, तिथेच तिची नजर गेली. पाण्यावर लाल रंग कसा थरथरत होता! काय झालं असेल त्या रात्री? कुणी लावली असेल आग? तो कारकून तिला आठवत होता, नाही असं नाही. पण त्याच्याबद्दल तिने फक्त जिन्यात ऐकलं होतं. तिने काही ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. तिचं मत अगदी निखळ होतं.

दंतवैद्य खुर्चीत पुढे झुकले होते. सगळे थांबले होते. कितीतरी महिन्यांची दिरंगाई त्या एका शब्दासाठी अडून बसली होती.

“जहाजं,” ती म्हणाली. “पण ज्वाळा जरा मोठ्या करा.”