चौदा तारखेचा रविवार

सधन ज्येष्ठांसाठी चालवल्या जाणाऱ्या त्या निवासात दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी रहिवाशांची स्मरणशक्ती तपासली जाई. तपासणीत प्रश्न एकच असे: आज तारीख काय? उत्तर चुकले की रहिवाशाची रवानगी वरच्या मजल्यावरच्या 'स्मृतिसंवर्धन कक्षात' होई. तिथे शुल्क दुप्पट, खिडक्या निम्म्या आणि रहिवाशाची सही बाद. त्याच्या वतीने नातेवाईक आणि संस्था मिळून सही करत. वर गेलेला माणूस खाली परतल्याचे अजून कोणी पाहिले नव्हते. संस्थेच्या माहितीपत्रकात याचे श्रेय तिथल्या सोयींना दिले होते.

आयुष्यभर वजनकाट्यांचा कारखाना चालवलेले आजोबा त्या सोमवारी नापास झाले. मनगटावरच्या घड्याळात पाहून त्यांनी नऊ तारीख सांगितली होती, आणि त्या दिवशी खरोखरच नऊ तारीख होती. त्यांच्या बारा वर्षांच्या नातीला हे काही केल्या पटेना. जाड चष्म्यामुळे तिला घरात सगळे भिंग म्हणत. शाळेच्या वाटेवरच निवास असल्यामुळे ती आणि तिचा आतेभाऊ रोज तासभर आजोबांकडे बसत. ती सरळ व्यवस्थापिकाबाईंच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

बाईंनी शांतपणे समजावले. दिवाणखान्यातल्या लाकडी तारीखपाटीवर तेव्हा आठ आकडा होता. आजोबांनी पाटीची दखल घेतली नाही, म्हणून त्यांच्या निकालावर 'परिसराशी विसंगत' असा शेरा पडला.

"आणि ज्यांनी पाटी बघून आठ सांगितलं, ते?" भिंगने विचारले.

"ते वस्तुस्थितीशी विसंगत. तेही वर गेले."

"मग पास कोण झालं?"

"या खेपेला निकाल जरा कडक लागला," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तिच्यापुढे लिमलेटच्या गोळ्यांची बरणी सरकवली.

संमतिपत्रावर सही करायला वडील रविवारी येणार होते. आत्याची संमती फोनवर आधीच आली होती. तिला त्यासाठी मीटिंगमधून दोन मिनिटे बाहेर यावे लागले, हेही तिने बोलून दाखवले होते. आजोबा मात्र दिवसभर खुर्चीत बसून घड्याळाला चावी देत राहिले. "मी कुठेही झोपेन गं," ते नातीला म्हणाले. "पण सही गेली की माणसाचं सामान होतं. कोणीही उचलावं, कुठेही ठेवावं." भिंगला रडू आले, आणि रडू आल्याचा रागही आला.

दोघा भावंडांनी तपास हाती घेतला. आतेभावाने शाळेच्या वहीत रोज पाटीवरचा आकडा टिपला. वर्गात दररोज फळ्यावर तारीख लिहिली जाते आणि वहीत उजव्या कोपऱ्यात ती उतरवून घ्यावी लागते, त्यामुळे तारीख पक्की ठाऊक असलेला समाजात हा एकच वर्ग उरला आहे. पाच दिवसांत पाटी पाचही वेळा एक दिवस मागे निघाली. पाटीवर वार नव्हताच. रहिवाशांचे मोबाइल झोपमोड होऊ नये म्हणून कार्यालयात जमा होते. वर्तमानपत्र येई, पण वरची पट्टी कापलेले. दिवस सरताना पाहून ज्येष्ठांना उदास वाटते, असे त्यावर संस्थेचे परिपत्रक होते. त्या पट्ट्या भिंगने स्वयंपाकघरामागच्या कचऱ्याच्या डब्यातून कोपरापर्यंत हात घालून काढल्या, धुतल्या, वाळवल्या आणि वहीत चिकटवल्या. इतका चोख पुरावा मोठमोठ्या खात्यांनाही वर्षानुवर्षे सापडत नाही.

तक्रार फक्त शुद्ध स्मृतीच्या रहिवाशालाच करता येते, असा नियम होता. संमतिपत्रावर सही होईपर्यंत, म्हणजे रविवारपर्यंत, आजोबा कागदोपत्री शुद्ध स्मृतीचेच होते आणि त्यांची सही चालणार होती. रविवारी सकाळी त्यांनी सुंदर अक्षरात तक्रार लिहिली, खाली सही केली आणि तारीख घातली: पंधरा.

तक्रारी घ्यायला दर रविवारी येणारे ज्येष्ठकल्याण खात्याचे तपासनीस अकराला आले. पाटीखालच्या सोफ्यावर बसून त्यांनी चहा घेतला, बिस्किटे घेतली, आणि वही शेवटपर्यंत चाळून मुलांच्या अक्षराचे कौतुक केले. मग अहवालाचा कोरा कागद काढला, मान वर केली, पाटीवरचे चौदा पाहिले आणि कागदावर चौदा लिहिले. त्यानंतर त्यांनी आजोबांची तक्रार हातात घेतली आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"ही तर उद्याच्या तारखेची आहे," ते म्हणाले. "उद्याची तक्रार आज कशी दाखल करून घेऊ?"

"आज पंधराच आहे, काका. पाटी चुकीची आहे. तक्रार तीच तर आहे," भिंग म्हणाली.

"असेल बाळ. पण तिची चौकशी तक्रार दाखल झाल्यावर होईल. उद्या घेऊन या."

उद्या आजोबांची सही चालणार नाही, हे तिने सांगितले. मग उद्या येण्यात अर्थ नाही, हे तपासनीसांनी मोकळेपणाने मान्य केले. न उजाडलेल्या दिवसाची तक्रार करण्याइतके आजोबा गोंधळलेले आहेत, अशी नोंद त्यांनी सहानुभूतीच्या रकान्यात केली.

आता उरले वडील. भिंगने त्यांचा हात धरला. "बाबा, तुमच्या फोनमध्ये बघा ना. फक्त एकदा."

वडिलांनी फोन काढला. पडद्यावर पंधरा तारीख होती. ती भिंगला दिसली, आजोबांना दिसली, आणि वडिलांनाही व्यवस्थित दिसली. कारखान्याच्या जागेला गिऱ्हाईक तयार होते आणि आजोबा दोन वर्षे सही देत नव्हते, हे त्या दिवाणखान्यात फक्त बापलेकांना ठाऊक होते. वडिलांनी फोन खिशात ठेवला.

"फोनचं काय घेऊन बसलीस," ते म्हणाले. मग त्यांनी मान वर करून पाटी पाहिली आणि संमतिपत्रावर चौदा तारीख घालून सही केली. आजोबांनी मुलाकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी घड्याळ काढून नातीच्या हातात ठेवले, कारण वरच्या मजल्यावर घड्याळ चालत नाही.

भिंग अजून रोज जाते. वहीचा उजवा कोपरा आजोबांना दाखवते, ते होकारार्थी मान डोलावतात, आणि परिचारिका त्यांच्या कागदावर आणखी एक विसंगती चढवते.

हे वाचून तुम्हाला संताप आला असेल. यायलाच हवा. खाते अशा संतापाची दखल घेते. अट एवढीच की तक्रार स्वतःच्या हाताने लिहिलेली हवी आणि तिच्यावर आजची तारीख हवी. लिहा. खिशाकडे हात नेऊ नका, भिंतीकडे बघू नका, शेजारच्याला विचारू नका. आठवत नसेल तर हरकत नाही. वरच्या मजल्यावर जागा आहे, आणि तुमची मुले रविवारी मोकळीच असतात.