तीन नंबरच्या रिअॅक्टरचं सभासदत्व

लोटे औद्योगिक वसाहतीतल्या तीन नंबरच्या रिअॅक्टरने रासायनिक अभियंत्यांच्या मंडळाकडे सभासदत्वासाठी अर्ज केला. अनुभवाच्या रकान्यात त्याने 'सव्वीस वर्षे, तिन्ही पाळ्या' असं लिहिलं होतं.

प्लांट इंजिनिअर वृंदा खातूचा आनंद गगनात मावेना. रिअॅक्टर भंगारात निघायचा होता. खेडचे भंगारवाले चौगुले गॅसकटर घेऊन गेटवर येऊन बसलेही होते. पण सभासदाला त्याच्या लेखी संमतीशिवाय भंगारात काढता येत नाही, असा मंडळाचा नियम आहे. वृंदा ह्याच रिअॅक्टरवर काम शिकली होती. काहीही करून तिला तो वाचवायचा होता.

उमेदवार बोल्टांनी जखडलेला असल्यामुळे मुलाखत प्लांटवरच झाली. मंडळाचे डॉ. पारसनीस हेल्मेट घालून समोर खुर्ची टाकून बसले.

"मॅनेजर म्हणाले, माल कमी पडतोय, तापमान मर्यादेपुढे न्या. काय कराल?"

"नाही म्हणेन," रिअॅक्टर म्हणाला. "नाहीच ऐकलं तर सेफ्टी व्हॉल्व्ह उघडेन. दोनदा उघडलाय."

वृंदाने टाळीच वाजवली. पारसनीसांनी चष्म्यावरून पाहिलं, तशी ती ओशाळली.

"पदवी?"

"नाही. पण अडतीस पदवीधर माझ्याकडून शिकून गेले. त्यातली एक आत्ता टाळ्या वाजवत होती."

पारसनीसांनी शपथ दिली, 'लोकांची सुरक्षितता आधी, बाकी सगळं मागाहून', आणि शिक्का मारला. वृंदा धावतच गेटवर पोचली.

"चाचा, गाडी वळवा! तो सभासद झाला!"

"मुबारक," चौगुले म्हणाले. "पण संमती विचारायला तर हवी ना, बाय?"

ते कागद घेऊन आत आले. रिअॅक्टरने तो वाचला.

"सभासद म्हणून मत द्यायचं तर आधी मोजमाप हवं. वृंदा, माझ्या तळाची जाडी मोज."

तिने मोजली. निदान आठ मिलिमीटर हवी, चारच भरली.

"पुढच्या महिन्यात पॅच मारू की," ती घाईघाईने म्हणाली.

"वाचलो तर उद्याच माझ्यात बॅच लागेल. आणि खाली माणसं उभी असतात."

त्याने मत लिहून दिलं: 'सदर रिअॅक्टर वापरास अयोग्य. संमती आहे.' अशा मतावर दुसऱ्या सभासदाची सही लागते, आणि प्लांटवर दुसरी सभासद वृंदाच होती. वृंदाने चूक शोधायला ते तीनदा वाचलं. तिला भडभडून आलं, आणि अभिमानही वाटला. मग तिने 'सहमत' लिहून सही केली.